दोन औषधं, एक प्लेट : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात कर्करोगाच्या पेशींवर दोन औषधं एकत्र देऊन प्रयोगशाळेत काय तपासतात, यावर थोडक्यात लिहिलं होतं. त्यावर आलेली काही पत्रं लॅबमध्ये काम करणाऱ्या विद्यार्थ्यांची आहेत, काही घरात रुग्ण असलेल्यांची. दोन्ही प्रकारचे प्रश्न इथे एकत्रच घेतले आहेत. प्लेटवर, म्हणजे बारीक खळग्यांच्या (वेलच्या) प्लास्टिकच्या तबकडीवर, काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे दोघांनाही नीट कळायला हवं.

प्रश्न (विलेपार्ले, एम.एस्सी.ची विद्यार्थिनी) : माझ्या पहिल्या औषधानं ४० टक्के पेशी मरतात, दुसऱ्यानं ३० टक्के. दोन्ही एकत्र दिली की ६२ टक्के मरतात. याला सिनर्जी म्हणायचं का?

सिनर्जी म्हणजे एकत्र दिल्यावर अपेक्षेपेक्षा जास्त परिणाम. एवढ्यावर तसं म्हणता येणार नाही. दोन औषधं दिल्यावर एकट्या औषधापेक्षा जास्त पेशी बहुधा मरणारच. विचारायचं ते असं : दोन्ही औषधांनी एकमेकांची दखल न घेता आपापलं काम केलं असतं, तर किती मेल्या असत्या? पहिल्या औषधानंतर शंभरातल्या ६० उरल्या. त्या ६०चे ३० टक्के, म्हणजे १८, दुसऱ्यानं मारल्या. उरल्या ४२, मेल्या ५८. हा ब्लिस या शास्त्रज्ञाचा हिशेब, १९३९ सालचा. तुमचा आकडा त्याहून चारच टक्क्यांनी जास्त आहे, आणि ९६ वेलच्या प्लेटवर एकाच डोसच्या तीन वेलमध्ये पाच टक्क्यांचा फरक सहज पडतो. वेगवेगळ्या तीन दिवशी, वेगवेगळ्या पॅसेजच्या (नव्या फ्लास्कमध्ये पुन्हा वाढवलेल्या खेपेच्या) पेशींवर हाच फरक त्याच दिशेनं आला, तर पुढे बोलू.

ब्लिसवरही डोळे मिटून भरवसा ठेवू नका. त्याची एक सोपी परीक्षा आहे : औषधाची जोडी त्याच औषधाशी लावायची. समजा १ मायक्रोमोलारला (हे द्रावणातलं औषधाचं प्रमाण मोजायचं एकक) २० टक्के पेशी मरतात आणि २ मायक्रोमोलारला ६० टक्के. आता १ आणि १ ही दोन वेगळी औषधं आहेत असं धरून ब्लिस लावा. अपेक्षा येते ३६ टक्क्यांची, हाती येतात ६०. म्हणजे कागदावर एका औषधाची स्वतःशीच सिनर्जी झाली, जी असूच शकत नाही. डोस वाढवताना परिणामाची रेघ जिथे खडी चढते, तिथे ब्लिस असा फसवतो. दोन्ही औषधं एकाच तऱ्हेनं काम करत असतील, तर लोवे या शास्त्रज्ञाचा हिशेब जास्त योग्य. त्यात दुसरं औषध म्हणजे जणू पहिल्याचाच वेगळ्या ताकदीचा डोस, असं धरतात.

चाऊ आणि तलाले यांनी १९८४ मध्ये मांडलेला कॉम्बिनेशन इंडेक्स, म्हणजे सीआय, याच विचारावर उभा आहे. समजा पहिल्या औषधाचा आयसी५०, म्हणजे निम्म्या पेशी मारणारा डोस, १० मायक्रोमोलार आणि दुसऱ्याचा ४. एकत्र दिल्यावर ३ आणि १.२ एवढ्यातच निम्म्या पेशी गेल्या. तर ३ भागिले १० म्हणजे ०.३, १.२ भागिले ४ म्हणजे ०.३. बेरीज ०.६. एकपेक्षा कमी म्हणजे सिनर्जी, एकच्या आसपास म्हणजे नुसती बेरीज, एकच्या वर म्हणजे औषधं एकमेकांच्या आड येतात.

प्रबंधात '०.६' एवढंच लिहून मोकळं होऊ नका. हा आकडा ५० टक्के परिणामाचा आहे. कर्करोगात निम्म्या पेशी मारून भागत नाही, म्हणून ७५ आणि ९० टक्क्यांनाही सीआय काढा. कधीकधी ५० ला ०.६ असतो आणि ९० ला १.३ होतो, आणि तेव्हा रुग्णाच्या दृष्टीनं दुसरा आकडा महत्त्वाचा. शिवाय एखादं औषध एकट्यानं कितीही दिलं तरी ५० टक्क्यांपर्यंत पोचतच नसेल, तर भागायला खरा आकडाच नसतो. सॉफ्टवेअर रेघ पुढे ओढून एक आकडा देतं आणि सीआय ०.०५ असा देखणा येतो. अशा आकड्याला काडीचा अर्थ नाही.

प्रश्न (कल्याण, पीएच.डी. सुरू आहे) : दोन औषधांची प्लेट प्रत्यक्षात कशी लावायची? डीएमएसओचा (औषध विरघळवायच्या द्रवाचा) हिशेब माझा दर वेळी चुकतो.

आधी दोन्ही औषधांचे एकेकटे आयसी५० पक्के करा. ते नसताना जोडी लावणं म्हणजे प्लेट वाया घालवणं. त्याआधी सेल लाइनचं, म्हणजे लॅबमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढणाऱ्या पेशींचं, एसटीआर प्रोफाइल (डीएनएवरून ओळख पटवणं) झालेलं आहे ना, हेही विचारून घ्या. १९५१ पासून लॅबमध्ये वाढणाऱ्या हीला पेशींनी जगभरच्या कितीतरी सेल लाइनींत घुसखोरी केलेली आहे.

९६ वेलच्या प्लेटच्या कडेच्या ३६ वेलमध्ये पेशी घालू नका. तिथून पाणी उडतं, औषध दाट होतं आणि कडेला उगाचच जास्त पेशी मेलेल्या दिसतात. त्या वेलमध्ये २०० मायक्रोलिटर पीबीएस (क्षारांचं साधं द्रावण) भरा. आत उरतात ६० : बी ते जी या सहा ओळी, २ ते ११ हे दहा रकाने. रकाना २ ते ७ मध्ये सहा बाय सहाचा चौकट-पट मांडा. पहिलं औषध आडवं, दुसरं उभं, दोन्हीकडे डोस शून्य आणि आयसी५० च्या एक अष्टमांश, पाव, अर्धा, एक पट, दोन पट. उरलेल्या चार रकान्यांत सहा-सहा वेल : काहीच न दिलेल्या पेशी, नुसता डीएमएसओ दिलेल्या पेशी, हमखास मारणारं एखादं औषध दिलेल्या पेशी, आणि पेशी न घालता फक्त मीडियम (पेशींचं पोषक द्रावण) व दोन्ही औषधांचा सगळ्यात मोठा डोस. हा शेवटचा रकाना विद्यार्थी हटकून गाळतात. डॉक्सोरुबिसिन लाल असतं, कर्क्युमिन पिवळं. रंगाचं रीडिंग वजा करायला तोच रकाना लागतो.

पेशी ट्रिप्सिन या विकरानं तळापासून सोडवून ट्रायपॅन ब्लू या रंगात मोजा. निळ्या पडलेल्या, म्हणजे मेलेल्या, १० टक्क्यांहून जास्त असतील तर त्या दिवशी प्लेट लावू नका. एमसीएफ-७ सारख्या (स्तनाच्या कर्करोगाच्या) पेशी वेलला ५,००० घालून सुरुवात करता येते. पेशींच्या ५४ वेलना १०० मायक्रोलिटरप्रमाणे ५.४ मिलिलिटर लागतं, पण मल्टिचॅनलच्या ट्रेमध्ये तळाला थोडं राहतंच, म्हणून ७ मिलिलिटर करा, म्हणजे साडेतीन लाख पेशी. ट्रे दर दोन ओळींनंतर हलवा. पेशी दोन-तीन मिनिटांत तळाशी बसू लागतात आणि शेवटच्या ओळीला पहिल्यापेक्षा वेगळी संख्या मिळते. प्लेट भरल्यावर लगेच इन्क्युबेटरमध्ये सरकवू नका. अर्धा तास हुडातच सपाट राहू दे. एकदम गरम झाली की वेलमध्ये प्रवाह तयार होतात आणि पेशी कडेला गोळा होतात.

दुसऱ्या दिवशी औषधं. वेलमध्ये १०० मायक्रोलिटर आहेच. त्यात पहिल्याचं ५० आणि दुसऱ्याचं ५० मायक्रोलिटर घातलं की २०० होतं. म्हणून दोन्ही औषधं हव्या त्या डोसच्या चौपट दाट बनवायची. आता डीएमएसओ. प्रत्येक औषधाबरोबर शेवटी ०.१ टक्का जात असेल, तर दोन्ही घातलेल्या वेलमध्ये ०.२ होतो, आणि एकट्या औषधाच्या वेलमध्ये ०.१ च राहतो. मग जोडीत जास्त मेलेल्या पेशींपैकी काही नुसत्या डीएमएसओनं मेलेल्या असू शकतात. उपाय एकच : पातळ करताना साधं मीडियम वापरू नका, तेवढाच डीएमएसओ असलेलं मीडियम वापरा. शून्य डोसच्या जागीही तेच ५० मायक्रोलिटर घाला. सगळ्या वेलमध्ये ०.२ टक्के असला की भांडण मिटलं. फक्त 'काहीच न दिलेल्या' रकान्यात साधं मीडियम. त्याची आणि डीएमएसओच्या रकान्याची तुलना करून डीएमएसओनं किती नुकसान केलं ते कळतं.

७२ तासांनी एमटीटी, म्हणजे जिवंत पेशींमुळे जांभळा होणाऱ्या रंगाची चाचणी. पीबीएसमध्ये मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम, वेलला २० मायक्रोलिटर, ३७ अंशांवर तीन ते चार तास. जांभळे स्फटिक तळाशी दिसले की मीडियम काढून १०० मायक्रोलिटर डीएमएसओ घाला, दहा मिनिटं हलवा, ५७० नॅनोमीटरला वाचा आणि ६३० चं रीडिंग वजा करा. बहुतेकांची प्लेट मीडियम काढताना बिघडते. टिप तळाला लागली की स्फटिक वर ओढले जातात आणि ती वेल 'मेलेली' दिसते. प्लेट थोडी तिरपी धरून टिप भिंतीला टेकवा, आणि १०-२० मायक्रोलिटर मागे राहिलं तरी राहू द्या.

एमटीटी मेलेल्या पेशी मोजत नाही, पेशींच्या चयापचयाची ताकद मोजतं, हेही ध्यानात असू द्या. मेटफॉर्मिनसारखं औषध पेशी न मारताही मायटोकॉन्ड्रिया मंदावतं आणि रंग फिका पडतो. म्हणून जोडी चांगली वाटली की दुसऱ्या पद्धतीनं पडताळा. एसआरबीमध्ये पेशींची प्रथिनं रंगवतात. खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात औषधांची चाळणी याच पद्धतीनं होते. त्याहून खात्रीची कॉलनी चाचणी : सहा वेलच्या प्लेटमध्ये वेलला ५०० पेशी, औषध देऊन १० ते १४ दिवस वाढ, मग क्रिस्टल व्हायोलेटनं रंगवणं, आणि ५० किंवा जास्त पेशींचा ठिपका ती एक कॉलनी. वेळ जातो, पण ७२ तास तग धरून नंतर मरणाऱ्या पेशी इथेच उघड्या पडतात.

प्रश्न (ठाणे) : सिस्प्लॅटिनचा आयसी५० आधी ८ मायक्रोमोलार आला, दोन आठवड्यांनी २०, आता ४० च्या वर. पेशी प्रतिकारक झाल्या का?

पेशींवर आळ घेण्याआधी स्टॉकची बाटली उचलून पाहा. तुम्ही लिहिलं आहे की 'सगळ्या औषधांसारखा' सिस्प्लॅटिनचा स्टॉकही डीएमएसओमध्ये केला. घोटाळा तिथेच आहे.

सिस्प्लॅटिनच्या मधोमध प्लॅटिनम असतं, एका बाजूला दोन अमोनिया, दुसऱ्या बाजूला दोन क्लोराइड. पेशीबाहेर क्लोराइड भरपूर असतं म्हणून ते दोन जागेवर राहतात. आत क्लोराइड कमी, म्हणून ते सुटतात, त्यांच्या जागी पाणी येतं आणि प्लॅटिनम डीएनएतल्या ग्वानिनला जाऊन चिकटतं. डीएमएसओतलं गंधक हीच क्लोराइडची जागा बाटलीतच बळकावतं. मग जे उरतं ते सिस्प्लॅटिन नसतं. स्टॉक जितका जुना, तितकं खरं औषध कमी. तुमचे आकडे चढत गेले ते म्हणूनच.

०.९ टक्के सलाइनमध्ये मिलिलिटरला १ मिलिग्रॅम विरघळवा, म्हणजे साधारण ३.३ मिलिमोलार. साध्या पाण्यातही नको, कारण तिथे क्लोराइड नाही. ३७ अंशांवर गरम करत, हलवत राहा, ट्यूबला फॉइल गुंडाळा. फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीत बारीक पिवळे स्फटिक तळाशी बसतात आणि वरचं पाणी घेतलं तर डोस कमी पडतो. शक्यतो ताजं बनवा आणि त्याच दिवशी वापरा. दुसरं औषध डीएमएसओत असेल, तर दोन्ही स्टॉक एका ट्यूबमध्ये कधीही मिसळू नका. वेलमध्ये वेगवेगळे घाला.

प्रश्न (लालबाग) : माझ्या बहिणीची केमो सुरू आहे. हळदीच्या अर्कानं केमोचा परिणाम वाढतो, असं प्रयोगशाळेत सिद्ध झालंय, असा मेसेज आला. कॅप्सूल सुरू करू का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. तुमची काळजी आम्हाला समजते, म्हणूनच कारणं सविस्तर सांगतो.

प्लेटवर कर्क्युमिन बहुधा १० ते ५० मायक्रोमोलार वापरतात. माणसानं रोज ८ ग्रॅम पोटात घेऊनही रक्तात जेमतेम दीड-दोन मायक्रोमोलार पोचल्याचं मोजलेलं आहे, कारण आतडं आणि यकृत त्याचं लगेच रूपांतर करतात. म्हणजे प्लेटवरच्या डोसाला पेशी मेल्या, हे खरं असलं तरी तो डोस गाठीपर्यंत पोचत नाही. शिवाय कर्क्युमिन लॅबमध्येही अवघड पाहुणं आहे. सीरम नसलेल्या द्रावणात ३७ अंशांवर अर्ध्या तासात त्याचा बहुतेक भाग तुटून जातो. रंग पिवळा असल्यानं रीडिंगमध्ये ढवळाढवळ करतं. अशा गुणांची कितीतरी वनस्पतिजन्य द्रव्यं पेशींशिवायही एमटीटीला जांभळं करतात. पेशी नसलेली वेल ठेवली नसेल, तर त्या निष्कर्षावर विसंबता येत नाही.

खरी भीती दुसरीच. बाजारातल्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये शोषण वाढावं म्हणून काळ्या मिरीतलं पायपरिन घालतात. शरीरातली जी यंत्रणा डोसेटॅक्सेलसारखी औषधं मोडते, तिलाच पायपरिन अडवू शकतं. मग औषध रक्तात जास्त वेळ राहून त्रास वाढू शकतो. आमटी-भाजीतल्या चिमूटभर हळदीची गोष्ट वेगळी. डॉक्टरांनी आहारात मनाई केली नसेल, तर ती चालू दे. कॅप्सूलची बाटली मात्र पुढच्या भेटीला सोबत न्या आणि मागचं लेबल डॉक्टरांना दाखवा. संकोच करू नका, हा प्रश्न त्यांना रोज विचारला जातो.

प्रश्न (दादर, निवृत्त शिक्षक) : प्लेटवर सिनर्जी दिसली नाही, तरी रुग्णाला चार-चार औषधं एकत्र का देतात?

प्रश्न मार्मिक आहे. जोडीचा फायदा नेहमी सिनर्जीतूनच येतो असं नाही. दहा रुग्णांपैकी काहींची गाठ पहिल्या औषधाला दाद देते, काहींची दुसऱ्या. कुणाची कशाला देईल हे आधी कळत नाही. दोन्ही दिली की दोन्ही गटांचं भलं होतं, औषधांनी एकमेकांना मदत केली नाही तरी. बऱ्याच प्रचलित जोड्यांचा फायदा एवढ्यानंच समजावता येतो, असं २०१७ मध्ये दाखवलं गेलं. लिम्फोमाच्या आर-चॉप या पाच औषधांच्या जोडणीची २०१९ मध्ये तपासणी झाली, तेव्हा तिच्या यशामागे सिनर्जी फारशी नाही, तर एका औषधाला दाद न देणाऱ्या पेशी दुसऱ्याला बळी पडतात हे कारण आढळलं.

उलटही घडतं : प्लेटवर जे दिसणार नाही ते माणसात चालतं. परळच्या टाटा मेमोरियलमधल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. तोंडाच्या आणि डोकं-मानेच्या पुढे गेलेल्या कर्करोगात, दर आठवड्याला थोडं मेथोट्रेक्सेट आणि रोज दोनदा सेलेकॉक्सिब, दोन्ही तोंडावाटे गोळ्यांच्या रूपात, असा एक गट. शिरेतून सिस्प्लॅटिन दुसऱ्या गटाला. गोळ्यांच्या गटाचं मध्यक आयुर्मान ७.५ महिने होतं, सिस्प्लॅटिनच्या गटाचं ६.१. फरक जेमतेम दीड महिन्याचा आहे, पण तो घरी राहून, स्वस्त गोळ्यांवर मिळालेला आहे. मुंबईत उपचारासाठी बाहेरगावाहून आलेल्या कुटुंबाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. अशा सततच्या लहान डोसांचा परिणाम गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांवर, सुजेवर आणि प्रतिकारशक्तीवर होतो असं मानतात. प्लेटमध्ये ना रक्तवाहिनी असते ना प्रतिकारशक्ती. ७२ तासांचा एमटीटी ही जोडी पहिल्याच फेरीत बाद करू शकला असता.

प्रश्न (बोरिवली) : वडिलांच्या गाठीचा तुकडा घेऊन कुठली जोडी चालेल ते आधी लॅबमध्ये पाहता येत नाही का?

संशोधनात पाहतात. तुकड्यातून ऑर्गनॉइड, म्हणजे पेशींचे बारीक त्रिमितीय गोळे, वाढवून त्यांवर औषधं लावतात. पण सगळ्या गाठी लॅबमध्ये वाढत नाहीत, वाढल्या तरी काही आठवडे जातात, आणि तेवढा वेळ उपचार थांबवणं परवडत नाही. अमेरिकेच्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००४ मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये, औषध निवडण्यासाठी अशा चाचण्या संशोधनाबाहेर वापरू नयेत असंच मत दिलं होतं. कुणी खासगीत भरपूर पैसे घेऊन 'तुमच्या गाठीची खास केमो' सांगत असेल, तर आधी वडिलांच्या डॉक्टरांशी बोला. गाठीतल्या ईआर, हर२ किंवा ईजीएफआर या खुणांची तपासणी ही वेगळी गोष्ट. ती आवर्जून करावी, तिच्यावर औषध खरोखर ठरतं.

प्रश्न (सायन) : आधी एक औषध, मग दुसरं, असं दिलं तर निकाल उलटा आला. चूक कुठे?

बहुधा चूक नाहीच. पॅक्लिटॅक्सेल विभागणीच्या क्षणी पेशीला पकडतं. आधी पाल्बोसिक्लिबसारखं औषध दिलं, तर पेशी विभागणीच्या आधीच्या टप्प्यावर थांबते आणि पॅक्लिटॅक्सेलच्या हाती लागत नाही. म्हणून तिन्ही क्रम लावा : एकत्र, हे आधी, ते आधी, मधलं अंतर २४ तास. मात्र तिन्हींमध्ये प्रत्येक औषध पेशींवर एकूण सारखाच वेळ राहील आणि मीडियम सारख्याच वेळा बदललं जाईल, हे बघा. नाहीतर क्रमाऐवजी वेळेचाच फरक मोजाल.

प्रश्न (मुलुंड) : पावसाळ्यात कल्चरला बुरशी लागते. अँटिबायोटिक वाढवलं तर?

बुरशीला पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन लागू पडत नाही. लागण झालेला फ्लास्क उघडू नका, तसाच ऑटोक्लेव्ह करा. इन्क्युबेटरच्या तळातलं पाणी आठवड्याला बदला आणि ते निर्जंतुक डिस्टिल्ड पाणीच असू दे. एसीच्या जाळ्या धुवा. पुठ्ठ्याची खोकी कल्चर रूममध्ये नेऊ नका, दमट हवेत बुरशी तिथूनच येते. बुरशी निदान डोळ्यांना दिसते. मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू दिसत नाही, मीडियम गढूळ करत नाही, पेनिसिलिनला बधत नाही कारण त्याला पेशीभित्तीच नसते, आणि स्वतःही एमटीटीचा रंग बदलतं. महिन्यातून एकदा पीसीआर (त्याचा डीएनए शोधणारी चाचणी) करा. मायकोप्लाझ्मा निघाला, तर आधीच्या प्लेटचे निकाल धरू नका.

प्रश्न (खारघर) : वापरलेल्या प्लेट आणि टिपा कुठे टाकायच्या? आमच्याकडे ब्लीच घालून सिंकमध्ये ओततात.

ओतू नका. ब्लीच जंतूंसाठी ठीक आहे, पण त्यानं प्रत्येक केमोचं औषध निकामी होईल याची हमी नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पेशीघातक औषधं आणि त्यांच्या कुप्या पिवळ्या पिशवीत किंवा डब्यात, 'सायटोटॉक्सिक' असं लेबल लावून जातात. त्या १,२०० अंशांहून जास्त तापमानाला जाळाव्या लागतात. औषध लागलेल्या प्लेट, टिपा, हातमोजे आणि उरलेला स्टॉकही त्याच वाटेनं पाठवा. ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, वाफेबरोबर औषध खोलीत पसरू शकतं. पावडर तोलताना दोन हातमोजे, वरचा मनगटाच्या कफवरून ओढलेला. सांडलंच तर ओल्या टिशूनं बाहेरून आत पुसत या, आणि तो टिशूही पिवळ्या पिशवीत.